पाय न लागलेली दुर्वा

उन्हाळा लागला की माझ्याकडे माणसं येतात. बंगले बांधलेली, दारापुढं जराशी हिरवळ केलेली, आणि ती पिवळी पडली म्हणून तोंड पाडून आलेली. "बाबा, काय करावं?" मी सांगतो. कापू नका. कापलीच तर बोटभर उंच ठेवा. पाणी दिवस उगवायच्या आत द्या. रोज उगाच शिंपडत बसू नका, चार दिवसांनी एकदा द्या, पण मुळापर्यंत जाऊ द्या. आणि एवढं करूनही पिवळी पडली तर पडू द्या. हरळी आहे ती, मरत नाही, मृगात परत येते. एवढं ऐकून माणूस विचारतोच, "पण आत्ता हिरवी दिसायला काय करायचं?" मग माझं डोकं फिरतं. मी म्हणतो, रंग मारा.

लोक म्हणतात म्हातारा तिरसट आहे. आहेच. पण राग त्यांच्यावर नसतो. हे सगळं मला माझ्या तरुणपणीही ठाऊक होतं. ठाऊक असून मी केलं नाही, आणि त्यात माझ्या घरातलं जे गेलं ते मृगात परत आलं नाही.

त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांतात होतं. लाटसाहेब नागपूरला बसे आणि त्याच्या हाताखालचे साहेब आमच्या अमरावतीच्या कॅम्पात राहत. अशाच एका साहेबाच्या बंगल्यावर मी माळी होतो. जातीनं माळी, कामानंही माळी. वडील अंजनगाव सुर्जीला भाजीपाला पिकवायचे. त्यांना माझं काम काही केल्या पटायचं नाही. एकदा बंगल्यावर आले, हिरवळीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ज्याले फूल नाई, फय नाई, ढोरायनं खायाचं नाई, ते गवत कायले पोसून राह्यला बाप्पा?" मी हसण्यावारी नेलं. मनातून मात्र मला त्या हिरवळीचा ताठा होता. कॅम्पात तशी दुसरी नव्हती.

आणि ती होती काय, तर हरळीच. देवाला वाहिली की दुर्वा, शेतात शिरली की शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणणारी हरळी, आणि साहेबाच्या दारात कापूनसवरून वाढवली की लॉन. आमची माती काळी. चैत्रात ती फाटायला लागते, भेगेत मनगटापर्यंत हात जातो. पाणी दिलं तर सगळं त्या भेगेतून खाली. म्हणून मी आधी चाळलेली माती भरून भेगा बुजवायचो, मग पहाटे मोट जुंपायचो, आणि पाणी वाफ्यावाफ्यानं फिरवायचो. विहीर खाली गेली की आमच्या घराला सकाळी दोन घागरी, बाकी सगळं हिरवळीला. हा नियम साहेबाचा नव्हता, माझा होता. त्या दोन घागरींवर साहेबाच्या पाण्यातला तांब्याभरही मी घरी वापरू देत नसे. केवढा इमानदार माणूस, असं स्वतःलाच वाटायचं.

माझी बायको अकोल्याची. तिच्या माहेरी फुलांचा मळा आणि हारांचा धंदा, त्यामुळं देवाच्या फुलापानांबाबत माणसं फार कडक. खाली पडलेलं फूल उचलायचं नाही, वास घेतलेलं वाहायचं नाही, पाय लागलेली दुर्वा तर तोडायचीच नाही. मी थट्टा करायचो, "तुह्या बापानं देवाले कपाटात ठेवलं काय वो?" ती म्हणायची, "तुमी सायबाचं गवत राखा. माह्या देवाच्या मधात येऊ नोका." बोलणं असं रोखठोक. पण मनात काही ठेवणारी बाई नव्हती, निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

आम्हाला एकच मूल, मुलगी. तिच्या आधीची दोन जगली नव्हती. पाचव्या वर्षी आश्विनात तिला हिवताप धरला तो सुटेचना. दवाखान्यातून कोयनेल मिळायचं, ताप उतरायचा, पंधरा दिवसांनी परत यायचा. पाणथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, वाढली. हातपाय वाळून काड्या झाले आणि पोट तेवढं पुढं आलं. डॉक्टर चांगला होता, पण त्याच्या चेहऱ्यावरून मला कळायचं की तो आम्हाला फार काही सांगत नाही.

पुढच्या ज्येष्ठातल्या संकष्टीला बायकोनं गणपतीला नवस बोलला. लेकरू उठून खेळायला लागावं म्हणून आषाढापासून अकरा संकष्ट्या करीन, दर संकष्टीला एकवीस दुर्वांची जुडी वाहीन, आणि ती दुर्वा माझ्या हातानं वाढवलेली असेल, कुणाचा पाय न लागलेली. समोर एवढी मोठी हिरवळ होती, पण तिच्यावर साहेबाचे बूट फिरायचे, ती देवाला चालणार नव्हती. म्हणून बंगल्याच्या आवारातल्या आमच्या खोल्यांच्या मागं, दोन पाट मांडता येतील एवढ्या जागेत तिनं हरळी लावली. भोवती बोरीच्या काट्या रोवल्या. स्वतःच्या आंघोळीच्या पाण्यातला पहिला तांब्या अंगावर न घेता तिथं घालायची. त्या ओलीवर ती दुर्वा भर चैत्रातही हिरवीगार होती. खरं सांगतो, माझ्या हिरवळीपेक्षा चांगली.

संकष्टीला तोडलेली दुर्वा लेक मोजायची. तिला पंचविसापर्यंत यायचं, पण चौदानंतर ती एकदम सोळा म्हणायची. त्यामुळं तिच्या हिशेबानं नेहमी एक दुर्वा जास्त व्हायची. "एक उरली," म्हणायची, आणि ती उरलेली माझ्या पागोट्यात खोचायची. बायको आणखी एक तोडून एकवीस पुऱ्या करायची. दहा संकष्ट्या अशा झाल्या. अकरावी वैशाखात होती. आणि एक सांगायला हवं, फाल्गुनापासून लेकीचा ताप जास्त अंतरानं यायला लागला होता. ती दारापर्यंत चालत यायची. बायकोच्या बोलण्यात पुन्हा थट्टा आली होती.

त्याच सुमाराला निरोप आला की लाटसाहेब चिखलदऱ्याला हवा खायला निघालेत, वाटेत एक संध्याकाळ आमच्या साहेबाकडे चहाला थांबणार. चहा हिरवळीवर. साहेबाच्या बायकोला, मड्डमला, ती गालिच्यासारखी दिसायला हवी होती. साहेब मला म्हणाला, "माली, छोटा काटो. एकदम छोटा." मी म्हटलं, "साब, जल जाएगी." साहेब म्हणाला, "पानी दो."

आता साहेबावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण ते खरं नाही. मी अजून एकदा नाही म्हणालो असतो तर त्यानं ऐकलं असतं, माझा शब्द तो मानायचा. मलाही ती गालिच्यासारखी दिसायला हवी होती. नागपूरच्या लाटानं विचारावं, हा माळी कोण, असं मला वाटत होतं. मी गवत कापायच्या मशीनची पाती खाली घेतली आणि वैशाखाच्या उन्हात हिरवळ बुंध्यापर्यंत कापली.

तिसऱ्या दिवशी मधोमध पांढुरका डाग उमटला. तिथं खाली मुरूम होता, मातीचा थर पातळ. नेमकी तिथंच लाटसाहेबाची खुर्ची पडायची होती. मी पाणी घातलं, डाग वाढला. चहाला चार दिवस राहिले. मड्डम आली, डागाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अशा डागावर उपाय एकच असतो. दुसरीकडची हिरवी हरळी मातीसकट चौकोन कापून आणायची आणि तिथं बसवायची. पण वैशाखात हिरवी हरळी आणायची कुठून? वडाळीच्या तलावापर्यंत जाऊन आलो. तिथं काठाला लव्हाळा होता, हरळी नव्हती. परत येताना मला कळून चुकलं होतं की साऱ्या कॅम्पात मला हवी तशी हरळी फक्त दोन पाटांएवढी आहे, आणि ती कुठं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको लेकीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली. तिथं नंबर लागेपर्यंत दुपार व्हायची. ती फाटकाबाहेर पडली आणि मी बोरीच्या काट्या बाजूला केल्या.

विचारून घ्यायला काय हरकत होती, असं कुणी म्हणेल. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. म्हणूनच विचारलं नाही.

सगळी नाही घेतली. कडेची चार बोटं रुंदीची पट्टी ठेवली. मनाशी म्हटलं, संकष्टीला एकवीस काड्या लागतात, तेवढ्या राहिल्या, पुढं बाकीची फुटेलच. बाकीचे वीतभर चौकोन नेऊन डागावर बसवले. बसवताना त्यावर उभं राहून टाचेनं दाबावं लागतं. खाली पोकळी राहिली तर मूळ मातीला धरत नाही आणि दोन दिवसांत वाळून जातं. धुम्मसानं ठोकलं तर चौकोन फुटतात. टाचच लागते. वडिलांनी मला कांद्याचं रोप असंच लावायला शिकवलं होतं. मी एकेक चौकोन टाचेनं नीट दाबला, वरून पाणी सोडलं. दुपारपर्यंत डाग कुठं होता ते मलाही ओळखू येईना.

बायको परत आली. लेकीला खाटेवर ठेवलं, पाणी प्यायला मागच्या दारी गेली आणि तिथंच उभी राहिली. मी मागं जाऊन थांबलो.

"कावून?" ती म्हणाली.

"सायबाचं काम हाये."

ती वाकून उघडी पडलेली माती बघायला लागली.

"तुह्यासाठी ठेवली ना पट्टी," मी म्हणालो. मग मलाच राग आला, चुकलेल्या माणसाला येतो तसा. "गवतच हाये ते. आठ दिवसांत फुटते. येवढं तोंड पाडाले काय झालं?"

तिनं घरातली भाकरीची टोपली आणून त्या पट्टीवर पालथी घातली आणि घागरीतलं पाणी थेंबथेंब सोडलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. एका बाजूनं मुळं तोडलेली, माती उघडी पडलेली चार बोटांची पट्टी त्या उन्हात टिकत नाही. शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट. मी माळी, आणि मला ते दिसलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची टोकं वळली. तिसऱ्या दिवशी टोपली उचलली तेव्हा खाली सगळं पिवळं गवत होतं.

संकष्टी आणि लाटसाहेबाचा चहा एकाच दिवशी आले. त्या सकाळी बायको न्हाऊन, ओल्या केसांनी हिरवळीच्या कडेला येऊन उभी राहिली. एरवी ती पुढच्या बाजूला कधी येत नसे. मी तिथं पाणी फिरवत होतो. तिची दुर्वा मधोमध हिरवीगार उभी होती, दोन दिवसांत नवे कोंब आले होते. हे कोंब साऱ्या अमरावतीत दुसरीकडं मिळाले नसते.

"सायेबलोक आले काय इथं?" तिनं विचारलं.

"नाई. अजून कोनाचा पाय नाई पडला."

"तुमी बसवतानी कायनं दाबलं? पायानं?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दुर्वेकडे बघत होती. मला आठवतं, माझ्या हातातल्या फावड्याला चिखल लागला होता आणि मी तो बोटानं काढत होतो.

"हातानं," मी म्हणालो. "हातानं थापटलं."

ती वाकली आणि एकेक कोंब खुडायला लागली.

हे खोटं मी का बोललो? तिचा नवस पुरा व्हावा म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तेही थोडं खरं असेल. पण मुख्य म्हणजे, मी तिचा नवस पायदळी तुडवला हे तिच्या तोंडावर कबूल करायची मला छाती झाली नाही. एवढंच आहे ते.

दुर्वा लेकीच्या पुढं ठेवली. खाटेवर पडल्या पडल्या तिनं मोजली. बारा, तेरा, चौदा, आणि मग पंधरा म्हणाली. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. आईकडे बघून हसली. "आज एकबी नाई उरली," म्हणाली.

संध्याकाळी लाटसाहेब आला. मोटारीतून उतरला, रुमालानं मान पुसली आणि म्हणाला की बाहेर फार उकडतंय. खुर्च्या उचलून व्हरांड्यात नेल्या. पाऊण तास बसला, चहा प्याला आणि गेला. हिरवळीकडं त्यानं मान वळवून बघितलंही नसेल. त्या दिवशी त्या दुर्वेवर एकाही साहेबाचा पाय पडला नाही. पाय लागला होता तो माझा एकट्याचा.

दुसऱ्याच दिवशी लेकीला ताप भरला. या वेळचा ताप वेगळा होता, अंगाला हात लावला तर चटका बसायचा. कांदा ठेचून तळपायाला चोळला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. घागर संपली तेव्हा मी विहिरीवर गेलो आणि साहेबाचं पाणी आणलं, एक नाही, दहा घागरी आणल्या. हिरवळीला त्या दिवशी पाणी दिलं नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी लेक गेली. मी तिचे पाय धरून बसलो होतो. माझ्या हातात ते गार होत गेले, आणि बाहेर खिडकीची सळईसुद्धा धरवत नव्हती. मी रडलो ते बायकोच्या आधी रडलो आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं रडलो. ती आधी मला गप्प करत होती.

मृगात हिरवळ भरून आली. मागची दोन पाटांची जागाही आठ दिवसांत हिरवी झाली. मी म्हटलं होतं तसंच झालं, गवत फुटलं. बायकोनं तिकडं पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी ती जागा खणून टाकली, तरी हरळी येतच राहिली.

पुढं वर्षभरात मी ती नोकरी सोडली. बडनेऱ्याला गाडीत बसलो आणि अकोल्याला तिच्या भावाच्या मळ्यात कामाला लागलो. मग स्वतःची रोपांची बाग केली. मूल परत झालं नाही. घरात गणपती होता, बायको त्याला रोज पुसायची, दिवा लावायची, पण संकष्टी तिनं सोडली ती सोडलीच. दुर्वेला हात लावायची नाही. मला वाटायचं, देवावर रुसली आहे. अकरा संकष्ट्या करून घेतल्या आणि लेकरू नेलं, कुणीही रुसेल. आणि मी तिला रुसू दिलं. देवाचा यात काही दोष नाही, माझा आहे, एवढं सांगितलं असतं तर तिचा देव तिला परत मिळाला असता. मी सांगितलं नाही. तीस वर्षं तिला देवाशी भांडू दिलं आणि आपण बाजूला बसलो, असं मी समजत होतो.

मग एका उन्हाळ्यात शेजारची बाई आली. तिचा नातू आजारी होता, तिनंही नवस केला होता, आणि गावात दुर्वा मिळत नव्हती. आमच्या रोपांच्या वाफ्यांकडेला हरळी होती. बायको ओसरीवर हार ओवत बसली होती. ती म्हणाली, "माह्या हातची नोको वो माय. उद्या हे देतीन."

शेजारीण गेल्यावर मी म्हटलं, "आता तरी सोड. देवावर कितीक वर्स रुसशीन?"

तिनं सुई थांबवली नाही. "देवावर कायचा राग? देवानं काय केलं?"

"मंग?"

"मले टाच दिसली व्हती तुमची," ती म्हणाली. "ओल्या मातीत, दुर्वेच्या मधात. तुमाले इचाऱ्याच्या आंधीच दिसली. म्हनून तं इचारलं."

मी तिच्यासमोर येऊन बसलो.

"तुमी म्हनले, हातानं. मंग मी डोये मिटून घेतले. मले बी त्या पाह्यजेच व्हत्या ना. दुसरीकडं कुठं हिरवं व्हतं?" तिनं दोन फुलं ओवली. "तुमी खरं सांगतलं असतं तं मी नसत्या तोडल्या. नवस अर्धा राह्यला असता. देवाले म्हनलं असतं, नाई जमलं बाप्पा, चुकी माफ कर. पोरगी वाचली असती का नसती, मले नाई मालूम. पन पाय लागलेली दुर्वा मी जानूनबुजून वाह्यली. माह्या हातानं वाह्यली."

म्हणजे ती देवावर रुसलेली नव्हती. तीस वर्षं ती स्वतःलाच लेकीच्या मरणाला जबाबदार धरत होती, आणि माझ्याबद्दल एक वाकडा शब्द तिनं तोंडातून काढला नव्हता. मला पुष्कळ बोलायचं होतं. तुझी चूक नाही, ते माझं पाप आहे, ते मला दे. मी नुसती परडीतली फुलं तिच्याकडे सरकवत राहिलो. तिनं हाराला गाठ मारली आणि तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण ताट घेऊन आली. बायको आत चुलीपाशी होती. मी वाफ्याशी गेलो, हरळी चांगली कोवळी होती. वाकलो आणि तसाच सरळ झालो.

"आमच्या इथली नोको नेऊ बाई," मी तिला म्हणालो, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "माहा पाय लागला हाये त्याले."

आत भांड्यांचा आवाज थांबला. शेजारीण रिकामं ताट घेऊन गेली. तेवढं एक वाक्य मी वैशाखातल्या त्या सकाळी म्हणायला हवं होतं.